चीडच्या सुयांमधली संरक्षक जनुकं मोजताना: कुंडीपासून निकालापर्यंत

चीडच्या, म्हणजे हिमालयातल्या पाइनच्या रोपांचं पाणी तोडायचं, दोन आठवड्यांनी सुया खुडायच्या, आरएनए (चालू जनुकांनी दिलेला आदेश) काढायचा, क्यूपीसीआर (त्या आदेशाच्या प्रती वाढवून मोजणारी चाचणी) लावायचा आणि दुष्काळात अमुक जनुक इतक्या पटींनी वाढलं असं प्रबंधात लिहायचं. एवढ्या सरळ वाटणाऱ्या या कामात विद्यार्थ्यांची वर्षं वाया जातात. बहुतेक वेळा गडबड यंत्रावर पोहोचण्याच्या खूप आधी झालेली असते: कुंडीत, कात्रीपाशी किंवा सुई तोडल्यापासून ती द्रव नायट्रोजनमध्ये पडेपर्यंतच्या मिनिटांत.

पाइन कुळातलं झाड फक्त तुम्ही दिलेल्या दुष्काळाला उत्तर देत नाही. ते दुपारच्या उन्हाला, शेजारच्या कुंडीवरच्या फवाऱ्याला आणि कालच्या कात्रीलाही उत्तर देतं, आणि ही सगळी उत्तरं त्याच आरएनएमध्ये मिसळून येतात. दुष्काळाचं उत्तर तुमच्या हाताळणीच्या उत्तरापासून वेगळं काढणं हाच या प्रयोगाचा गाभा आहे. खालचा प्रत्येक टप्पा त्यासाठी आहे.

उदाहरण हिमालयातल्या चीडचं, म्हणजे पायनस रॉक्सबर्गाईचं घेतलं आहे. उत्तराखंडात ज्याच्या गळलेल्या सुयांना पिरूल म्हणतात तेच झाड. युरोपातला स्कॉट्स पाइन किंवा अमेरिकेतला लॉब्लॉली पाइन घेतलात तरी क्रम हाच राहतो.

## टप्पा १: कुठलं उत्तर मोजायचं ते आधी ठरवा

‘संरक्षक जनुकं’ हा फार मोठा गठ्ठा आहे. त्यातून हाताला येईल ते उचललं की निकालाचा अर्थच लागत नाही. निदान दोन वाटा वेगळ्या ठेवा.

पहिली वाट पाण्याच्या ताणाची. पाणी कमी पडलं की ॲब्सिसिक आम्ल हे संप्रेरक वाढतं. ते पीवायएल गटातल्या ग्राहक प्रथिनांना चिकटतं. ही जोडी पीपी२सी या फॉस्फेटेजना (फॉस्फेट काढणाऱ्या एन्झाइमना) अडवते, त्यामुळे दबून असलेली एसएनआरके२ किनेजेस (फॉस्फेट जोडणारी एन्झाइम) मोकळी होतात आणि पुढच्या नियामक प्रथिनांना चालना देतात. शेवटी डीहायड्रिन व इतर एलईए प्रथिनांची (कोरडेपणात पेशींना जपणाऱ्या) आणि एएसआर गटातली जनुकं जागी होतात. लॉब्लॉली पाइनमध्ये पाण्याच्या ताणाने वाढणारं एलपी३ हे जनुककुटुंब याच एएसआर गटातलं आहे.

दुसरी वाट जखमेची आणि किडीची. इथे जास्मोनेट हा निरोप्या. त्याच्या प्रभावाखाली जेएझेड ही दाबून ठेवणारी प्रथिनं नष्ट होतात आणि राळेतली टर्पीन बनवणारी टर्पीन सिंथेज, फिनॉलिक संयुगांच्या वाटेवरचं पीएएल, कायटिनेज अशी जनुकं वर येतात. पाइनचं खास वैशिष्ट्य म्हणजे स्टिल्बीन सिंथेज. पिनोसिल्विन हे बुरशीविरोधी संयुग त्यातून तयार होतं. स्कॉट्स पाइनमध्ये हे जनुक ओझोननेही जागं होतं, त्यामुळे ते फक्त रोगाचं लक्षण मानता येत नाही.

यादी छोटी ठेवा. पहिल्या वाटेची दोन-तीन, दुसऱ्या वाटेची दोन-तीन आणि दोन्हींच्या अलीकडे असणारं एखादं नियामक जनुक, उदाहरणार्थ डब्ल्यूआरकेवाय किंवा एमवायबी कुटुंबातलं. दुष्काळाच्या प्रयोगात दुसऱ्या वाटेची जनुकं हवीतच, कारण तुमची कात्री कुठे बोलते आहे ते त्यांच्यावरूनच कळतं.

सावधान: सगळी डीहायड्रिन दुष्काळात वाढतात असं गृहीत धरू नका. पाइनमध्ये हे कुटुंब मोठं आहे आणि त्यातले काही सदस्य पाण्याच्या ताणाला दाद देत नाहीत. एकच सदस्य निवडून ‘डीहायड्रिन वाढलं नाही’ असा निष्कर्ष काढणं चूक आहे.

## टप्पा २: रोपं अशी तयार करा की तुलना करता येईल

पाइनमध्ये परागीभवन वाऱ्याने होतं, त्यामुळे प्रत्येक बी आनुवंशिकदृष्ट्या वेगळं. बाजारातून आणलेल्या मिश्र बियांची सहा रोपं एका गटात आणि सहा दुसऱ्या गटात टाकली, तर मोजलेला फरक दुष्काळाचा की वंशाचा हे सांगता येत नाही. म्हणून बी एकेका मातृवृक्षाचं वेगळं गोळा करा, तीन-चार मातृवृक्ष घ्या आणि प्रत्येकाची रोपं दोन्ही गटांत सारखी वाटा. राखीव जंगलातून बी किंवा सुया घ्यायच्या तर वनविभागाची लेखी परवानगी आधी काढा. ती यायला वेळ लागतो आणि चीडचं बी एप्रिल-मेच्या सुमारास झडून जातं.

माती सगळ्यांना एकाच ढिगातली द्या. पाइनच्या मुळांना कवकमूळ, म्हणजे मुळांशी जोडी करून राहणारी बुरशी, लागतं, नाहीतर रोपं पिवळी पडून खुरटतात. त्यामुळे जंगलातली थोडी माती मिसळतात, ते योग्यच. पण ही बुरशी स्वतःच रोपाची संरक्षण यंत्रणा हलवते, म्हणून ती मिसळायची तर सर्व कुंड्यांत सारख्या प्रमाणात.

चीडच्या रोपाला सुरुवातीच्या काळात एकेकट्या, निळसर छटेच्या बालसुया असतात. तीन-तीनच्या जुडग्यातल्या प्रौढ सुया नंतर येतात. या दोन्हींची जनुकं सारखी वागत नाहीत. कुठल्या घ्यायच्या ते आज ठरवा आणि शेवटपर्यंत त्याच घ्या.

पुण्या-नागपुरात चीडची रोपं वाढवून उन्हाळ्यात प्रयोग करू पाहणाऱ्यांना एक कळकळीची विनंती: नियंत्रित तापमानाची खोली नसेल तर करू नका. एप्रिलमधल्या चाळिशीच्या आसपासच्या पाऱ्यात कोरड्या कुंडीतल्या रोपाला दुष्काळ आणि उष्णता दोन्ही एकदम बसतात. पर्णरंध्रं मिटली की सुईचं तापमान आणखी चढतं, म्हणजे ताण दिलेल्या गटाला उष्णताही जास्त मिळते. ही गाठ नंतर कुठल्याही गणिताने सुटत नाही.

किती रोपं? एका गटात एका वेळी किमान सहा. दोन गट, चार वेळा, सहा रोपं म्हणजे ४८, त्यावर टप्पा ३ मधल्या जलविभवासाठीची आणि टप्पा ४ मधली वेगळी. कुंड्यांच्या जागा चिठ्ठ्या टाकून ठरवा आणि आठवड्याला बदला. एक बाक दुष्काळाचा, दुसरा बाक पाण्याचा, अशी मांडणी करू नका.

## टप्पा ३: ताण द्या, आणि तो मोजा

इथे सर्वात जास्त घोळ होतो. ‘१५ दिवस पाणी दिलं नाही’ हे ताणाचं वर्णन होत नाही. १५ दिवसांत लहान कुंडीतलं रोप मरणाच्या दारात असेल आणि मोठ्या कुंडीतल्याला कळलंही नसेल.

1. कुंडी पूर्ण भिजवा, वरून प्लॅस्टिकने झाका, २४ तास निथळू द्या आणि वजन करा. हे पूर्ण धारणक्षमतेचं वजन.
2. त्याच मातीचा नमुना १०५ अंश सेल्सिअसला वजन स्थिर होईपर्यंत वाळवून कोरडं वजन काढा.
3. समजा कुंडी आणि कोरडी माती मिळून ७०० ग्रॅम आणि निथळल्यावर १००० ग्रॅम. म्हणजे पाणी ३०० ग्रॅम. धारणक्षमतेच्या ३० टक्क्यांवर ठेवायचं तर कुंडी ७९० ग्रॅमवर आली पाहिजे.
4. रोज ठरावीक वेळी वजन करून तेवढंच पाणी भरा. नियंत्रण गटाच्या (नेहमीसारखं पाणी मिळणाऱ्या) कुंड्याही रोज उचला, वजन करा, जागेवर ठेवा. उचलणं-हलवणं हाही स्पर्शाचा ताण आहे, तो दोन्ही गटांना सारखा बसू दे.

पण माती म्हणजे झाड नव्हे. झाडाला काय जाणवतंय ते कळण्यासाठी पहाटे, उजाडण्याआधी, सुईचं जलविभव (सुईतलं पाणी किती ताणलेलं आहे त्याचा आकडा) दाबपात्रात मोजा. जुडगं कापून पात्राच्या झाकणात असं बसवा की कापलेलं टोक बाहेर राहील, मग दाब हळूहळू वाढवा आणि टोकावर पाणी दिसेल त्या क्षणीचा आकडा लिहा. १० बार म्हणजे १ मेगापास्कल, चिन्ह उणे.

पाइनमध्ये इथे एक फसगत ठरलेली. कापलेल्या टोकावर राळही येते, आणि ती पाण्याच्या आधी येते. भिंगातून नीट पाहा. सुईच्या कडेच्या गरात राळेच्या नलिका असतात, तिथे चकाकणारे, चिकट, जागचे न हलणारे थेंब धरतात. पाणी मधल्या वाहक पुंजातून येतं, फिकट दिसणारा तो भाग एकदम ओला आणि गडद होतो, दाब किंचित वाढवला की पाणी फसफसतं. कडेच्या थेंबावर आकडा लिहिलात तर रोप आहे त्यापेक्षा बरंच सुखात दिसेल. टोक टिपकागदाने टिपून पुन्हा पाहण्याची सवय लावा.

तपासणी: नियंत्रण गटाचा पहाटेचा आकडा उणे ०.५ मेगापास्कलच्या आसपास किंवा त्याहून ओला असावा. सौम्य ताणासाठी उणे १ च्या जवळ, तीव्र ताणासाठी उणे २ च्या जवळ, अशा पायऱ्या ठेवता येतात. बहुतेक पाइन पर्णरंध्रं लवकर मिटून पाणी वाचवतात, त्यामुळे उणे १.५ ते उणे २ च्या पट्ट्यात त्यांचं अन्न तयार करणं जवळपास थांबतं.

सावधान: सुया करड्या पडेपर्यंत थांबू नका. जाड मेणाच्या थरामुळे आणि कडक ऊतींमुळे पाइनची सुई कोमेजलेली दिसतच नाही. आतून पार कोरडी झाली तरी ती हिरवी राहते. रंग बदलल्यावर घेतलेला नमुना संरक्षणाचा नसतो, मरणाऱ्या पेशींचा असतो.

## टप्पा ४: यंत्रणा चालते याचा पुरावा सोबत ठेवा

दुष्काळात टर्पीन सिंथेज हललं नाही, तर दोन शक्यता: झाडाने ते हलवलं नाही, किंवा तुमचे प्रायमर (क्यूपीसीआरमध्ये नेमकं जनुक पकडणारे डीएनएचे छोटे तुकडे) काम करत नाहीत. हे ओळखण्यासाठी काही रोपांवर मिथाइल जास्मोनेट, म्हणजे दुसऱ्या वाटेचा निरोप्या, फवारा. रोपांवरच्या प्रयोगांत साधारण ५ ते २५ मिलिमोलर वापरलं जातं. १० पासून सुरुवात करा, कारण जास्त मात्रेने वाढ खुंटते. ते पाण्यात नीट विरघळत नाही, म्हणून थोड्या इथेनॉलमध्ये विरघळवून ट्वीन-२० या साबणासारख्या द्रव्यासह पाण्यात मिसळतात. तुलनेच्या रोपांवर तेच इथेनॉल आणि तेच ट्वीन, फक्त मिथाइल जास्मोनेटविना, फवारायचं. नुसतं पाणी फवारून तुलना होत नाही.

सावधान: मिथाइल जास्मोनेट हवेत उडतं आणि शेजारच्या रोपांना तोच निरोप देतं. फवारलेली रोपं वेगळ्या खोलीत ठेवा. एकाच हरितगृहात प्लॅस्टिकचा पडदा लावून भागत नाही. असं झालं तर नियंत्रण गटाचीच संरक्षक जनुकं चढतात, फरक पुसला जातो आणि विद्यार्थी प्रायमरला दोष देत बसतो.

## टप्पा ५: सुया तोडणं

एका रोपातून एकदाच नमुना घ्यायचा. ‘पहिल्या दिवशी दोन सुया, तिसऱ्या दिवशी आणखी दोन’ असं एकाच रोपावर केलंत, तर तिसऱ्या दिवशी पहिल्या दिवसाच्या जखमेचं उत्तर मोजाल. जखमेचा संदेश न कापलेल्या सुयांपर्यंतही पोहोचतो. म्हणूनच टप्पा २ मध्ये रोपांची संख्या एवढी मोठी आहे. पहाटे दाबपात्रासाठी जुडगं कापलेलं रोपही त्या दिवशी जनुकांच्या नमुन्याला चालत नाही. जलविभवासाठी त्याच गटातली वेगळी रोपं राखून ठेवा.

प्रत्येक वेळेच्या नमुन्याला त्याच वेळेचा नियंत्रण नमुना हवा. अनेक संरक्षक जनुकं दिवस-रात्रीच्या चक्राबरोबर वरखाली होतात. सकाळी ९ चं नियंत्रण आणि दुपारी ३ चा दुष्काळ यांची तुलना केली तर घड्याळ मोजलं जातं.

क्रम असा ठेवा:

1. नळ्यांवर आदल्या दिवशी अल्कोहोलने न पुसणाऱ्या शाईत क्रमांक घाला.
2. द्रव नायट्रोजनचं भांडं रोपाजवळ न्या. रोप भांड्याकडे नेऊ नका.
3. नियंत्रण आणि दुष्काळ आलटून-पालटून तोडा. आधी सगळं नियंत्रण उरकून मग दुष्काळाकडे वळलात तर दोन गटांत तासाचा फरक पडतो.
4. मधल्या उंचीवरच्या, पूर्ण वाढलेल्या, एकाच वयाच्या सुया घ्या. कोवळ्या शेंड्याच्या आणि तळाच्या जुन्या सुया सोडा.
5. तोडल्यापासून अर्ध्या मिनिटात सुई नायट्रोजनमध्ये गेली पाहिजे.

जंगलात नायट्रोजन नेता येत नाही तेव्हा आरएनए टिकवणारा द्राव वापरतात. तो मेणाच्या थरातून आत शिरत नाही, त्यामुळे अख्खी सुई त्यात बुडवून काही साधत नाही. सुईचे ५ मिलिमीटरपेक्षा छोटे तुकडे करावे लागतात. पण तुकडे करणं म्हणजे जखम, आणि द्राव मुरेपर्यंत जखमेला उत्तर द्यायला पेशींना वेळ मिळतो. माझं मत स्पष्ट आहे: जखमेच्या वाटेची जनुकं मोजायची असतील तर नायट्रोजनला पर्याय नाही. फक्त डीहायड्रिनसारखी जनुकं पाहायची असतील तर द्रावावर निभावता येईल.

सावधान: द्रव नायट्रोजन घट्ट झाकणाच्या भांड्यात कधीही बंद करू नका, भांडं फुटतं. बंद गाडीतून नेताना काच उघडी ठेवा. डेहराडूनहून पुण्याला नमुने कोरड्या बर्फात विमानाने पाठवायचे तर तो धोकादायक माल म्हणून घोषित करावा लागतो. विमान कंपनीशी आधी बोला आणि पोहोचायला लागणाऱ्या वेळेच्या दुप्पट पुरेल इतका बर्फ भरा.

## टप्पा ६: आरएनए काढणं

गहू-भातावर चालणारी नेहमीची पद्धत चीडवर बहुधा फसते. सुईत राळ, फिनॉलिक संयुगं आणि शर्करा-बहुवारिकं भरपूर. पेशी फुटल्या की फिनॉलिक संयुगं ऑक्सिडीकृत होऊन आरएनएला चिकटतात. तळाशी तपकिरी गोळा दिसला तर हे झालंय. चिकट, जेलीसारखा, न विरघळणारा गोळा दिसला तर बहुवारिकं आली आहेत.

पाइनसाठी १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेली सीटॅब (पेशी फोडणारं साबणासारखं द्रव्य) आणि लिथियम क्लोराइडची पद्धत आजही सर्वात भरवशाची आहे. द्रावणात २ टक्के सीटॅब, २ टक्के पीव्हीपी, १०० मिलिमोलर ट्रिस (पीएच ८), २५ मिलिमोलर ईडीटीए, २ मोलर सोडियम क्लोराइड, लिटरला अर्धा ग्रॅम स्पर्मिडीन आणि ऐन वेळी घातलेलं २ टक्के बीटा-मर्कॅप्टोइथेनॉल. पीव्हीपी फिनॉलिक संयुगं धरून ठेवतं, मर्कॅप्टोइथेनॉल ऑक्सिडीकरण रोखतं, जास्त मीठ सीटॅबला आरएनएवर बसू देत नाही.

1. खल-बत्ता आधी नायट्रोजनने थंड करा. सुया पिठासारख्या होईपर्यंत कुटा. मध्ये नायट्रोजन संपत आला की लगेच भर घाला. पूड ओलसर, गडद हिरवी दिसली म्हणजे ती वितळली, तो नमुना टाकून द्या.
2. द्रावण ६५ अंशांवर गरम ठेवलेलं असू द्या. १०० मिलिग्रॅम पुडीला १ मिलिलिटर. गोठलेली पूड थेट गरम द्रावणात टाका आणि लगेच जोरात हलवा. पुडीची गुठळी होऊ देऊ नका, गुठळीच्या आत आरएनेज हे आरएनए तोडणारं एन्झाइम निवांत काम करतं.
3. समान आकारमान क्लोरोफॉर्म-आयसोअमाइल अल्कोहोल (२४:१) घालून मिसळा, सेंट्रिफ्यूज करा, वरचा थर उचला. पुन्हा एकदा करा. मधल्या पांढऱ्या थराला पिपेट लावू नका, त्यापेक्षा थोडा वरचा थर सोडून द्या.
4. वरच्या थराच्या पाव आकारमानाइतकं १० मोलर लिथियम क्लोराइड घाला (अंतिम २ मोलर) आणि रात्रभर ४ अंशांवर ठेवा. लिथियम क्लोराइडने आरएनए खाली बसतो, डीएनए आणि शर्करा बऱ्याच अंशी वर राहतात.
5. दुसऱ्या दिवशी थंड सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवा. गोळा एसडीएस (हेही साबणासारखं द्रव्य) असलेल्या द्रावणात विरघळवा, पुन्हा क्लोरोफॉर्म, मग दुप्पट इथेनॉल, उणे २० अंश.
6. ७० टक्के इथेनॉलने धुवा. दोनदा धुतलेलं बरं, कारण उरलेलं लिथियम पुढच्या एन्झाइमला अडवतं. गोळा खडखडीत वाळवू नका.

सावधान: पायरी २ आणि ३ मध्ये नळ्या बर्फात ठेवू नका. सीटॅब थंडीत गोठून खाली बसतं. पायरी ५ मधलं एसडीएसही तसंच वागतं. ‘आरएनएचं काम बर्फावरच’ ही शिकवण इथे नडते. मर्कॅप्टोइथेनॉल आणि क्लोरोफॉर्मचं सगळं काम धूरपेटीत, हातमोजे घालून.

तपासणी: प्रकाशशोषणाचं (नॅनोमीटरमध्ये) २६०/२८० चं गुणोत्तर २ च्या जवळ, २६०/२३० हे १.८ च्या वर. २६०/२३० कमी आलं तर पुढे जाऊ नका, पुन्हा शुद्ध करा. जेलवर दोन ठळक पट्टे दिसले पाहिजेत. हिरव्या ऊतीत हरितलवकाचे जादा पट्टेही दिसतात, आणि त्यामुळे यंत्र दर्जाचा गुणांक कमी दाखवू शकतं. तेवढ्यावरून नमुना फेकू नका, आलेख डोळ्यांनी पाहा.

## टप्पा ७: डीएनए घालवा, सीडीएनए बनवा

लॉब्लॉली पाइनचा जीनोम सुमारे २२ अब्ज अक्षरांचा आहे, माणसाच्या सातपट. त्यात बंद पडलेल्या जनुकप्रतींचा प्रचंड साठा. काही प्रतींमध्ये इंट्रॉन (आरएनएतून कापले जाणारे तुकडे; उरतात ते एक्सॉन) नसतातच. म्हणून ‘प्रायमर दोन एक्सॉनच्या सांध्यावर आहे, डीएनएची भीती नाही’ हा नेहमीचा दिलासा पाइनमध्ये पुरेसा नाही.

डीएनेजची, म्हणजे डीएनए तोडणाऱ्या एन्झाइमची, प्रक्रिया प्रत्येक नमुन्यावर करा. आणि प्रत्येक नमुन्याची, फक्त एखाद-दुसऱ्याची नव्हे, उलट-लेखन एन्झाइम (आरएनएवरून सीडीएनए ही डीएनए-प्रत बनवणारं) न घातलेली नळी सोबत चालवा. तिच्यात आणि खऱ्या नळीत निदान ७ चक्रांचं अंतर असावं. क्यूपीसीआरच्या प्रत्येक चक्रात प्रती दुप्पट होतात, म्हणून ७ चक्रांचं अंतर म्हणजे डीएनएचा वाटा एक टक्क्याहून कमी.

सर्व नमुन्यांत आरएनए सारख्याच वजनाचा घ्या, आणि सीडीएनए सगळ्यांचं एकाच दिवशी, एकाच मिश्रणातून बनवा.

## टप्पा ८: प्रायमर आणि संदर्भ जनुकं

टर्पीन सिंथेज, डीहायड्रिन, कायटिनेज ही सगळी मोठी कुटुंबं. एकसारख्या भागावर प्रायमर ठेवला तर पाच-सहा भावंडं एकदम वाढतात आणि एकाची वाढ दुसऱ्याच्या घटीत बुडते. प्रायमर जनुकाच्या ३′ (थ्री-प्राइम, म्हणजे शेवटच्या) टोकाकडच्या, कमी साम्याच्या भागात ठेवा. वितळणरेषेत (तापवल्यावर तुकडे कुठे सुटतात त्या आलेखात) एकच शिखर दिसलं तरी थांबू नका, तुकडा एकदा अनुक्रमित करून घ्या. पाइनच्या सुयांच्या आत बुरशी निमूटपणे राहत असते आणि तिची जनुकंही तुमच्या आरएनएत येतात. ‘दुष्काळात कायटिनेज वाढलं’ म्हणताना ते झाडाचं की बुरशीचं, हे अनुक्रमावरूनच कळतं.

कार्यक्षमता: एकत्र केलेल्या सीडीएनएची दहापटीने पातळ केलेली पाच पायऱ्यांची मालिका लावा. रेषेचा उतार उणे ३.१ ते उणे ३.६ दरम्यान हवा, म्हणजे कार्यक्षमता साधारण ९० ते ११० टक्के.

अडथळ्याची चाचणी: दहापट पातळ केल्यावर चक्रसंख्या (जनुक दिसू लागेपर्यंतची चक्रं) सुमारे ३.३ ने वाढली पाहिजे. दोनानेच वाढली तर नमुन्यात फिनॉलिक संयुगांसारखा अडथळा आहे. ही चाचणी दोन्ही गटांच्या नमुन्यांवर वेगवेगळी करा. ताण बसलेल्या सुयांत फिनॉलिक संयुगं जास्त असू शकतात, मग अडथळाही त्याच गटात जास्त येतो आणि जनुक ‘घटल्याचा’ आभास होतो.

संदर्भ जनुकांबद्दल, म्हणजे न बदलणारी मानून ज्यांच्याशी तुलना करायची त्यांच्याबद्दल, तर हात जोडून सांगायला हवं. ॲक्टिन सगळे वापरतात म्हणून ॲक्टिन, एवढं कारण पुरेसं नाही. तीव्र दुष्काळात वाढ थांबते, आणि वाढीशी जोडलेली ॲक्टिन-ट्युब्युलिनसारखी जनुकंही खाली येऊ शकतात. समजा संदर्भ जनुक १८ व्या चक्राऐवजी १९.५ ला दिसू लागलं. दीड चक्र म्हणजे २.८ पट. आता तुमचं प्रत्येक जनुक, ज्याचं दुष्काळाशी काही देणंघेणं नाही तेसुद्धा, २.८ पट वाढलेलं दिसेल. पाच-सहा उमेदवार जनुकं (युबिक्विटिन, ईएफ१-अल्फा, जीएपीडीएच वगैरे) तुमच्याच नमुन्यांवर तपासा, जीनॉर्म किंवा नॉर्मफाइंडर या संगणक प्रणालीने स्थिरता काढा आणि किमान दोन स्थिर जनुकांची भौमितिक सरासरी वापरा.

तपासणी: निवडलेल्या संदर्भ जनुकांची कच्ची चक्रसंख्या दोन्ही गटांत शेजारी मांडून पाहा. गटांत पद्धतशीर फरक दिसला तर जनुक बदला.

## टप्पा ९: प्लेट आणि आकडेमोड

एका जनुकाचे सर्व नमुने एकाच प्लेटवर बसवा. बसत नसतील तर प्रत्येक प्लेटवर एक समान नमुना ठेवा. नमुन्याऐवजी नुसतं पाणी घातलेली विहीर (प्लेटवरचा खळगा) प्रत्येक प्रायमरसाठी हवी.

प्रायमरांची कार्यक्षमता सारखी नसेल तर साधं दुहेरी-फरकाचं (डेल्टा-डेल्टा-सीटी) सूत्र न वापरता कार्यक्षमता धरणारं फाफलचं सूत्र वापरा. सांख्यिकी चाचणी पटींवर नको, त्यांच्या लॉग मूल्यांवर करा. मातृवृक्ष हा घटक विश्लेषणात घाला, टप्पा २ मधली मेहनत इथे फळते.

परीक्षक सर्वात आधी पकडतात ती चूक म्हणजे संख्येची. एकाच सीडीएनएच्या तीन विहिरी म्हणजे तीन रोपं नव्हेत. सहा रोपं असतील तर संख्या सहा. सहा रोपांच्या सुया एकत्र कुटून एक नमुना केलात तर संख्या एक, विहिरी कितीही असोत. आणि नियंत्रण गटाला ‘१’ म्हणून दाखवताना त्याची त्रुटीरेषा गायब करू नका, त्या गटातही रोपागणिक फरक आहे.

## टप्पा १०: निकाल वाचताना

वेळेचं भान ठेवा. नियामक जनुकं मिनिटां-तासांत हलतात, डीहायड्रिनसारखी ताणाबरोबर दिवसागणिक चढतात, तर राळेची यंत्रणा संथ असते. जखमेनंतर लाकडात नव्या राळनलिका तयार व्हायला आठवडे लागतात. तिसऱ्या दिवशी डब्ल्यूआरकेवाय मूळ पातळीवर दिसलं म्हणून ते जागंच झालं नव्हतं असं म्हणता येत नाही.

तीव्र दुष्काळात टर्पीन सिंथेज खाली आलं तर घाबरून प्रयोग रद्द करू नका. सौम्य ताणात वाढ आधी मंदावते, पण अन्न तयार होत राहतं, त्यामुळे राळेला कर्ब उरतो. ताण तीव्र झाला की पर्णरंध्रं मिटतात, कर्ब आटतो आणि राळही घटते. सालकिड्यांना दुष्काळाने गांजलेला पाइन सोपा जातो त्याचं हे एक कारण आहे. म्हणूनच जलविभवाचा आकडा जनुकाच्या आकड्याशेजारी मांडायचा. तो नसेल तर वाढ आणि घट दोन्ही अधांतरी राहतात.

तिन्ही गट शेजारी ठेवून पाहा. दुष्काळात पहिल्या वाटेची जनुकं वर आणि दुसऱ्या वाटेची शांत, तर फवारणीत दुसऱ्या वाटेची वर: हा स्वच्छ निकाल. सर्व गटांत, नियंत्रणातही, जखमेची जनुकं चढलेली असतील तर टप्पा ४ आणि ५ कडे परत जा. कुंड्या एका खोलीत होत्या का, एकाच रोपातून पुन्हा सुया घेतल्या का, नायट्रोजनपर्यंत किती वेळ गेला, हे वहीतून तपासा. एकाच गटात दोन-तीन रोपं फार वेगळी दिसली तर आधी त्यांचा मातृवृक्ष पाहा, मग ती वगळण्याचा विचार करा.

शेवटी, आरएनए वाढला म्हणजे झाडाचं संरक्षण वाढलं असं लिहू नका. आरएनए हा आदेश आहे, प्रथिन आणि राळ ही अंमलबजावणी, आणि दोघांत बरंच काही अडकू शकतं. त्याच रोपांच्या उरलेल्या गोठवलेल्या पुडीतून वायू वर्णलेखन यंत्रावर टर्पिनांचं प्रमाण काढून घ्या. त्यासाठी टप्पा ५ मध्येच प्रत्येक रोपाच्या सुया थोड्या जास्त तोडा, पूड दोन नळ्यांत वाटा आणि दुसरी नळी उणे ८० अंशांवर, क्रमांकासह, वेगळ्या खोक्यात ठेवा.